समजून घ्या : अंगावर येणारे स्वतंत्र सिनेमे कोण बनवते आणि ते आपल्यापर्यंत का पोहोचत नाहीत?

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी पुण्याहून सुटलेली लोणावळा लोकल मळवलीला बरीच रिकामी होते. रेनकोट घातलेली तरुण मंडळी उतरतात आणि भाजे लेणी, लोहगडाच्या वाटेला लागतात. बाकीचे पुढच्या स्टेशनवर, म्हणजे लोणावळ्याला उतरून भुशी डॅम गाठतात. प्रवासात मोबाइलवर रील्स सुरू असतात. त्यात अधूनमधून एक यादी हमखास येते : ‘हे दहा सिनेमे एकट्याने पाहू नका’.

या याद्यांमध्ये इटली, जपान, कोरिया, फ्रान्स असते. मराठी नाव क्वचितच दिसते. अस्वस्थ करणारा, चाकोरीबाहेरचा सिनेमा ही परदेशी गोष्ट आहे, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात, स्वतःच्या हिमतीवर सिनेमा काढणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक माणूस याच मावळ पट्ट्यात छपाईचे काम करत होता. आणि सिनेमातले एक दृश्य अंगावर आले म्हणून सेन्सॉरने ते कापायला लावले, ही घटना महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच घडून गेली आहे.

थोडक्यात

• स्वतंत्र सिनेमा म्हणजे मोठ्या निर्मिती कंपनीच्या आधाराशिवाय आणि तिच्या अटींशिवाय बनलेला सिनेमा.
• मराठीत अस्वस्थ करणाऱ्या सिनेमाची परंपरा मूकपटांपासून आहे.
• असा सिनेमा तीन ठिकाणी अडकतो : पैसा, प्रमाणपत्र आणि पडदा.
• चौथा धोका सर्वांत मोठा आहे. सिनेमाची प्रतच नष्ट होणे.

लोणावळा, मळवली आणि सिनेमाचा काय संबंध?

चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला. देवादिकांची चित्रे सामान्य माणसाच्या घरात जावीत, हा त्यामागचा विचार होता. १८९९ च्या सुमारास हा छापखाना मळवलीला हलवण्यात आला. पुढे तो रविवर्मा यांच्या हातून फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, पण लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी छापल्या जातच राहिल्या.

याच काळात धुंडिराज गोविंद फाळके पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून लोणावळ्यात आले. डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी तेथे छपाई आणि ब्लॉक बनवण्याचा कारखाना काढला. रविवर्मा छापखान्याचे कामही त्यांच्याकडे येत असे. धंदा वाढला, कारखाना दादरला गेला, भागीदार बदलले आणि अखेर मतभेद होऊन फाळके बाहेर पडले.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाच काढायचा, असे ठरवले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या चमूचा स्वयंपाक करत आणि रात्री कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडत. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

‘राजा हरिश्चंद्र’ अस्वस्थ करणारा होता, असे कोणी म्हणणार नाही. पण काम करण्याची पद्धत तीच होती, जी आजचा स्वतंत्र दिग्दर्शक वापरतो. पैसे स्वतः उभे करायचे, घर कामाला लावायचे आणि कोणी विचारत नसताना सिनेमा पूर्ण करायचा.

अंगावर येणारा सिनेमा म्हणजे रक्तपात का?

काही वेळा, हो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यात भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतके खरे वाटले, की प्रेक्षागृहात बायका घाबरल्या, काहींना भोवळ आली, अशा आठवणी सांगितल्या जातात. सेन्सॉरने ते दृश्य काढायला लावले. भारतात चित्रपट सेन्सॉरशिप नुकतीच कुठे सुरू होत होती, तेव्हाची ही गोष्ट.

पण त्याच पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ केला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट. कर्जात अडकलेला शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. यात रक्त नाही, चमत्कार नाही. पौराणिक पटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. आज मात्र भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणून अभ्यासक त्याचेच नाव घेतात.

‘सैरंध्री’तला धक्का डोळ्यांना बसतो आणि पडदा मिटला की ओसरतो. ‘सावकारी पाश’मध्ये दिसते ते प्रेक्षकाच्या घराजवळचे असते. ते घरी सोबत येते. मराठीतले सर्वांत अस्वस्थ करणारे सिनेमे बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले आहेत.

काही उदाहरणे पाहू.

फँड्री (दिग्दर्शक नागराज मंजुळे, २०१३) : गावात डुकरे पकडण्याचे काम करणाऱ्या कुटुंबातला जब्या. एका प्रसंगात डुकरामागे धावत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. डुक्कर निसटून जाते. हसावे की नाही, हेच प्रेक्षकाला कळत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने.

कोर्ट (चैतन्य ताम्हाणे, २०१४) : गटार साफ करणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपाखाली एका लोकशाहिरावर खटला चालतो. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त तारखा पडत राहतात. शेवटी न्यायालयाला सुट्टी लागते आणि न्यायाधीश नातेवाइकांसोबत रिसॉर्टवर सहलीला जातात. शनिवार-रविवारी लोणावळ्यात दिसणाऱ्या कुठल्याही मंडळींसारखीच ती सहल आहे. बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना मुले ओरडून उठवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा झोपतात. सिनेमा संपतो.

अज्जी (देवाशीष मखिजा, २०१७) : हिंदी सिनेमा, पण मध्यवर्ती भूमिका मराठी रंगभूमीवरच्या सुषमा देशपांडे यांची. नातीवर बलात्कार झाल्यानंतर पोलिसांकडून काही होणार नाही, हे उमगलेली वृद्ध आजी काय करते, याची ही गोष्ट. या यादीतला पाहायला सर्वांत कठीण सिनेमा हाच. तो प्रौढांसाठीच आहे.

स्थळ (जयंत सोमलकर, २०२३) : चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच लोकांना घेऊन बनवलेला. सुरुवातीला एक मुलगा मुलीकडच्या बायकांसमोर बसतो आणि त्याला उंची, रंग, शिक्षण विचारले जाते. मग कळते, हे स्वप्न होते. पुढे खऱ्या आयुष्यात सविताला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. कांदेपोहे हा विषय विनोदाचा नाही, हे हा सिनेमा फक्त पुनरावृत्तीतून दाखवतो. टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला.

जगभरातही हे दोन प्रकार दिसतात. इटलीचे पिएर पाओलो पासोलिनी यांचा ‘सालो’ (१९७५) क्रूर दृश्यांमुळे अनेक देशांत बंदी घातलेला सिनेमा ठरला. ऑस्ट्रियाचे मायकेल हानेके यांच्या ‘फनी गेम्स’ (१९९७) मध्ये मात्र बरीचशी हिंसा पडद्याबाहेर घडते आणि खुनी मध्येच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाशी बोलतो. हिंसा पाहायला आलेल्या प्रेक्षकालाच हानेके त्यात ओढतात. जब्याचा दगडही प्रेक्षकाला असेच बाजूला उभे राहू देत नाही.

मधल्या काळात काय घडले?

१९७० च्या दशकात मराठीतल्या अशा सिनेमांच्या केंद्रस्थानी एक नाव वारंवार येते, विजय तेंडुलकर. त्यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये सिनेमा केला. खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला एका अविवाहित शिक्षिकेचा छळ कधी होतो, हे कळत नाही. बेणारेबाई झाल्या होत्या सुलभा देशपांडे.

१९७६ मध्ये तर वेगळाच प्रयोग झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. महाराष्ट्रात साखर आणि दूध सहकारातून उभे राहिले, तसा सिनेमा का नाही, असा तो खटाटोप. त्यांनी तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर सिनेमा केला. दिग्दर्शक एक नव्हे, चौघे : के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. ओम पुरी यांचा हा पहिला सिनेमा.

त्यानंतर अमोल पालेकर. गोड, साध्या नायकाच्या भूमिकांमुळे घराघरांत पोहोचलेल्या पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा निवडला तो ‘आक्रीत’ (१९८१). परभणी जिल्ह्यातल्या मानवत हत्याकांडाचा त्याला आधार होता, पटकथा तेंडुलकरांची. मूल व्हावे म्हणून कोवळ्या मुलींचे बळी देणाऱ्या जोडप्याची ही गोष्ट फ्रान्समधल्या नांत महोत्सवात गौरवली गेली. २०२४ मध्ये याच प्रकरणावर ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली आणि अनेक तरुणांना हे हत्याकांड पहिल्यांदा कळले. ‘आक्रीत’ पाहिलेले मात्र त्यांच्यात फार थोडे असतील.

असा सिनेमा कुठे अडकतो?

१. पैसा

दुःखी शेवट, अनोळखी चेहरे, गाणी नाहीत. अशा सिनेमात पैसे घालायला निर्माता सहसा तयार होत नाही. म्हणून दिग्दर्शक दुसरे मार्ग शोधतात. ‘कोर्ट’ विवेक गोम्बर यांनी अभिनय करता करता निर्माता म्हणूनही उभा केला आणि रॉटरडॅम महोत्सवाशी जोडलेल्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदतही त्याला मिळाली.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची वाट त्याहून लांब. सततच्या पावसात घडणारी ही हाव आणि शापाची गोष्ट. खरा पाऊस हवा म्हणून अनेक पावसाळे चित्रीकरण चालले. सासवडच्या जुन्या वाड्यात बराच भाग चित्रित झाला. निर्माता-अभिनेता सोहम शाह यांनी त्यात वर्षे घातली. २०१२ मध्ये सुरू झालेले चित्रीकरण थांबले, २०१५ मध्ये पुन्हा झाले आणि सिनेमा लागला २०१८ मध्ये.

२. प्रमाणपत्र

चित्रपटगृहात दाखवायचा सिनेमा १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी.

दिग्दर्शकांच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल २०२१ मध्ये झाला. मंडळाचा निर्णय मान्य नसेल, तर दाद मागण्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरण सरकारने रद्द केले. आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या कंपनीला ते परवडते. घर गहाण ठेवून सिनेमा काढणाऱ्याला वकिलाची फी आणि लांबणारी तारीख, दोन्ही जड जातात. मग कात्री मान्य करणे सोपे वाटते.

अनुराग कश्यप यांचा पहिला सिनेमा ‘पाँच’ हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. पुण्यातल्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरून तो प्रेरित होता. हिंसा आणि भाषेवर मंडळाने आक्षेप घेतला, त्यानंतर निर्मितीच्या अडचणी आल्या आणि सिनेमा वीस वर्षांहून अधिक काळ अडकून राहिला.

प्रमाणपत्र हा एकच अडथळा नसतो. २०१७ मध्ये रवी जाधव यांचा ‘न्यूड’ गोव्यातल्या इफ्फी महोत्सवासाठी ज्युरींनी निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून वगळला. ज्युरींचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट पुढच्या वर्षी चित्रपटगृहांत लागली.

३. पडदा

प्रमाणपत्र मिळाले, तरी शो मिळतो तो सकाळी नऊचा किंवा दुपारी. प्रेक्षक आले नाहीत, की सोमवारपासून तोही जातो. मोठ्या शहरात निदान एखादा शो मिळतो. तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा तेवढेही होत नाही. मावळातल्या प्रेक्षकाला असा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायचा, तर पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते.

‘घाशीराम’च्या चौघांपैकी कमल स्वरूप यांनी पुढे ‘ओम दर-ब-दर’ हा सिनेमा केला. त्याची गोष्ट सांगायला गेले तर सांगताच येत नाही. स्वप्न, जाहिरात, पुराण आणि बेडूक यांची ती सरमिसळ आहे. सिनेमा १९८८ चा. भारतीय चित्रपटगृहांत रीतसर लागला जानेवारी २०१४ मध्ये. मधली २६ वर्षे तो हातोहाती फिरणाऱ्या खराब प्रतींवर जगला. हेच कमल स्वरूप अनेक वर्षे फाळक्यांच्या आयुष्याचा माग काढत होते. त्या शोधातूनच त्यांचा ‘रंगभूमी’ हा माहितीपट आला.

ओटीटीमुळे चित्र बदलले का?

काही प्रमाणात. ओटीटीवर चित्रपटगृहासारखे आधीचे प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या नियमांनुसार वयोगट मंचानेच ठरवायचा असतो. ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार घेऊन थेट नेटफ्लिक्सवर आला. मराठीत बोलणारा, शास्त्रीय गायकाच्या अपयशावरचा संथ सिनेमा एकाच दिवशी अनेक देशांत पोहोचला.

पण मंचाचा करार संपला, की सिनेमा तिथून जातो. शिवाय शोधणाऱ्यालाच तो सापडतो. पहिल्या पानावर त्याचे पोस्टर येत नाही.

एक दिलासा मात्र आहे. ‘तुंबाड’ला २०१८ मध्ये प्रेक्षक बेताचे होते. त्यानंतरच्या सहा वर्षांत लोकांनी तो मोबाइलवर पाहिला, एकमेकांना सांगितला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. प्रेक्षक होता. त्याच्यापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली.

सिनेमा नष्ट कसा होतो?

१९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली. यंत्रे, मूळ छपाईचे साहित्य, पुष्कळ काही गेले. तरी रविवर्मा यांची लक्ष्मी आजही दिसते, कारण तिच्या असंख्य प्रती आधीच देवघरांत आणि दुकानांत पोहोचल्या होत्या.

सिनेमाच्या इतक्या प्रती कधीच नव्हत्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच उरले आहे. तेही मूळ सिनेमाचे की फाळक्यांनी १९१७ मध्ये केलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या कित्येक प्रती जळाल्या.

स्वतंत्र सिनेमाला हा धोका जास्त. कंपनी नसते, गोदाम नसते, वारसा सांगणारे कोणी नसते. सहकारातून बनलेला ‘घाशीराम कोतवाल’ वाचला तो बर्लिनमुळे. तिथल्या महोत्सवात दाखवलेली प्रत ‘आर्सेनल’ या संस्थेच्या संग्रहात राहिली होती. त्याच प्रतीवरून त्याचे डिजिटल रूप तयार झाले. पुण्याच्या पेशवाईवरचा, पुण्यात शिकलेल्यांनी केलेला सिनेमा जर्मनीतून परत मिळाला.

असे सिनेमे पाहायचे कुठे आणि कसे?

• पुण्यातील लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात वेळोवेळी खेळ होतात. साधारण जानेवारीत होणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात मराठी स्वतंत्र सिनेमांना जागा असते. लोणावळा लोकलने शिवाजीनगरला उतरले, की दोन्हीकडे जाणे सोपे.

• फिल्म सोसायटीचे सदस्य व्हा. पुण्यात आशय, मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही जुनी नावे. थोड्या वर्गणीत वर्षभर सिनेमे पाहता येतात.

• ओटीटीवर सिनेमाऐवजी दिग्दर्शकाचे नाव टाकून शोधा. एक सापडला, की त्याचे आधीचे कामही समोर येते.

• वयोगट आणि विषय आधी वाचा. ‘अज्जी’सारखा सिनेमा लैंगिक हिंसेचा अनुभव असलेल्या व्यक्तीला त्रासदायक ठरू शकतो. मध्येच बंद करण्यात कमीपणा नाही.

• सुरुवात करायची असेल तर ‘फँड्री’, मग ‘कोर्ट’, मग ‘स्थळ’ आणि त्यानंतर ‘घाशीराम’ असा क्रम बरा.

• पाहिल्यावर कोणाशी तरी बोला. ‘तुंबाड’ पुन्हा पडद्यावर आला तो अशा बोलण्यातूनच.

लोणावळ्यात छपाई करणाऱ्या फाळक्यांना चित्राच्या हजार प्रती कशा काढायच्या, हे माहीत होते. सिनेमाच्या प्रती आज एका बोटाने काढता येतात आणि मोबाइलही प्रत्येकाच्या हातात आहे. लोकलमधल्या पुढच्या रीलऐवजी यातला एखादा सिनेमा लावला, तर पुणे ते लोणावळा या प्रवासात ‘फँड्री’ बहुतेक अर्ध्याहून पुढे गेलेला असेल. उरलेला परतीच्या गाडीत.